मेल सर्व्हरची रांग तुंबली आहे, सुरुवात कुठून करू?

शॉपफ्लोअर (सोमवार, सकाळी १०:४०)

नमस्कार मंडळी,

भोसरी एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आयटी बघतो. बघतो म्हणजे प्रिंटरच्या टोनरपासून ईआरपीपर्यंत (ऑर्डरी, पगार, रिपोर्ट सांभाळणारं सॉफ्टवेअर) सगळं मीच. मेल सर्व्हर आमचा स्वतःचा, सर्व्हर रूममध्येच ठेवलेला. मेलची ने-आण करायला पोस्टफिक्स, मेलबॉक्स सांभाळायला डव्हकॉट आणि मध्ये तपासणीला अमाविस व त्याच्या हाताखाली व्हायरस शोधणारा क्लॅमएव्ही. साधारण दोनशे मेलबॉक्स. वर्षानुवर्षं गुपचूप चालला होता.

गेल्या आठवड्यापासून मेल उशिरा जातायत. परचेसवाल्यांनी सकाळी पाठवलेली ऑर्डर सप्लायरला दुपारी मिळते, कधी थेट दुसऱ्या दिवशी. एरवी रांगेत वीस-तीस मेल असायच्या, आज सहा हजारांच्या आसपास आहेत. सर्व्हर रिस्टार्ट केला, दर पाच मिनिटांनी रांग फ्लश करणारा क्रॉन लावला. डिस्कवर जागा आहे, नेट ठीक आहे. रांग थोडी उतरते की पुन्हा चढते. त्यात मार्चअखेर, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

साहेब म्हणतात, हे सगळं क्लाऊडवर टाकून मोकळे व्हा. टाकूही, पण ऑर्डरी आज जायला हव्यात. कुठून सुरुवात करू?

तिरपागडा (१०:४७)

फ्लश करूनही तुंबतंय म्हणजे चोकअप पुढे आहे. प्लंबर बोलवा.

(पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

टेबलफॅन (१०:५५)

साहेबांशी सहमत. दोनशे मेलबॉक्ससाठी २४ तास जिवाला घोर कशाला? महिन्याचं भाडं भरा आणि झोपा. आम्ही शिफ्ट झालो, तेव्हापासून रांग हा शब्दच ऐकला नाही.

पोस्टमनकाका (११:२०)

शॉपफ्लोअर, पहिलं काम म्हणजे तो क्रॉन काढा. पुढचं नंतर वाचा.

काढला? आता ऐका. फ्लश म्हणजे "अडकलेलं सगळं पुन्हा एकदा पाठवून बघ". सहा हजार मेल दर पाच मिनिटांनी समोरच्याच्या दारात नेऊन आपटल्या की समोरचा आणखी वैतागतो, आणि आत्ता टाकलेली ताजी ऑर्डर त्या गर्दीत मागे पडते. पोस्टफिक्स हे काम आपणहून शहाणपणाने करतो. अडकलेल्या मेलचा पहिला पुन्हा-प्रयत्न साधारण ३०० सेकंदांनी, मग मेल जितकी जुनी तितकं अंतर वाढत जाऊन जास्तीत जास्त ४००० सेकंद. बाय डिफॉल्ट पाच दिवस प्रयत्न करतो आणि मग हात टेकतो. त्याला त्याचं काम करू द्या.

दुसरं म्हणजे "रांगेत सहा हजार" यातून काहीच कळत नाही. कुठल्या रांगेत? इनकमिंगमध्ये साचत असेल तर तुमच्या यंत्राची डिस्क किंवा क्यू मॅनेजर (पोस्टफिक्समधला रांग हाकणारा भाग) मागे पडतोय. ॲक्टिव्हमध्ये साचत असेल तर पुढे पोचवणारा हळू आहे, मग तो बाहेरचा सर्व्हर असेल नाहीतर तुमचाच अमाविस. डिफर्डमध्ये साचत असेल तर कोणीतरी "आत्ता नाही, नंतर या" म्हणतंय, आणि ते का म्हणतंय हे लॉगमध्ये शब्दशः लिहिलेलं असतं. लोक ती ओळ सोडून सगळं वाचतात.

तेव्हा तीन गोष्टी इथे टाका:

- "क्यूशेप डिफर्ड" आणि "क्यूशेप ॲक्टिव्ह" (कुठल्या डोमेनच्या किती मेल किती वेळ रांगेत आहेत ते दाखवणारी कमांड) या दोन्हींच्या वरच्या ओळी
- तेच पुन्हा "-एस" लावून, म्हणजे पाठवणाऱ्यांप्रमाणे
- उशिरा गेलेल्या एका ऑर्डरची लॉगमधली ओळ, "डिलेज" या आकड्यांसकट

(कमांड देवनागरीत लिहिल्यात, कॉपी-पेस्ट केल्यात तर शेल तुम्हाला हसेल.)

जुना मोडेम (११:३२)

काकांना +१. समोरच्या सर्व्हरच्या उत्तरात चारने सुरू होणारा कोड म्हणजे तात्पुरता नकार, पाचने सुरू होणारा म्हणजे कायमचा. रांग भरते ती चारवाल्यांनी. पाचवाले तिथल्या तिथे बाउन्स होतात, म्हणजे न पोचल्याची मेल पाठवणाऱ्याकडे परत.

बाकी हा पाच दिवसांचा धीर कुठून आला माहितीये? एसएमटीपीचं, म्हणजे सर्व्हर एकमेकांना मेल ज्या रीतीने देतात तिचं, मूळ मानक १९८२ चं, जॉन पोस्टेल यांचं. तेव्हा समोरचं यंत्र चोवीस तास जोडलेलं असेलच अशी खात्री नव्हती. आपल्याकडेसुद्धा १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने लोकांसाठी इंटरनेट खुलं केलं तेव्हा डायल करायचं, किंचाळ्या ऐकायच्या, मेल उचलायची आणि बिल वाढायच्या आत फोन ठेवायचा. २००८ च्या सुधारित मानकातही किमान चार-पाच दिवस प्रयत्न करा असंच म्हटलंय. तेव्हा मेल उशिरा पोचणं हा बिघाड नसायचा, रीत होती.

टेबलफॅन (११:३६)

आली आठवणींची गाडी. आता पाइन, मग यूयूसीपी, मग पंचकार्ड.

जुना मोडेम (११:४१)

पंचकार्डाइतका जुना नाहीये हो मी!

शॉपफ्लोअर (१२:१५)

क्रॉन काढला. काका, हे घ्या.

ॲक्टिव्हमध्ये फक्त ४०-४५. डिफर्डमध्ये एकूण ५८१२, त्यातल्या साडेचार हजारांहून जास्त १२८० मिनिटांपेक्षा जुन्या. मुक्कामाचे डोमेन बघितले तर अर्ध्याहून जास्त मेल बड्या फुकट मेलसेवांकडे निघाल्यात. आमचे सप्लायर त्यात फार नाहीत. आणि "-एस" लावल्यावर सगळ्यात वर "मेलर-डेमन", तीन हजारांच्या वर. त्याखाली असे डोमेन जे मी आयुष्यात ऐकलेले नाहीत.

नकाराचं कारण: "४२१ ४.७.२८, तुमच्या आयपीवरून नेहमीपेक्षा वेगळ्या प्रमाणात नकोशी मेल येत आहे, म्हणून वेग तात्पुरता कमी केला आहे" अशा अर्थाचं. ऑर्डरची ओळ शोधतोय.

तिरपागडा (१२:१८)

आयला. कारखान्याने साइड बिझनेस सुरू केलाय वाटतं.

पोस्टमनकाका (१२:३०)

मेलर-डेमन (बाउन्स ज्या नावाने निघतात ते) सगळ्यात वर आणि खाली अनोळखी डोमेन. म्हणजे तुमच्याकडून कोणीतरी स्पॅम पाठवतंय, त्यातली न पोचलेली परत येतेय आणि तिचे बाउन्स तुमचा सर्व्हर खोट्या पत्त्यांवर पाठवायला बघतोय. एखाद्या खात्याचा पासवर्ड गेलाय.

रांगेतली एक संशयास्पद मेल घ्या, तिचा क्यू आयडी लॉगमध्ये शोधा. "सासल_युजरनेम" च्या पुढे खात्याचं नाव मिळेल आणि "क्लायंट" च्या पुढे आयपी. बाउन्स घेऊ नका हं, त्यात ते नसतं, मूळ मेल घ्या. मेलच्या आत काय आहे ते "पोस्टकॅट -क्यू" ने दिसतं.

खातं सापडलं की या क्रमाने करा:

आधी पासवर्ड बदला. मग पोस्टफिक्स रिस्टार्ट करा, कारण आधीच लॉगिन होऊन बसलेलं सेशन पासवर्ड बदलला म्हणून तुटत नाही. डव्हकॉटचा ऑथ कॅशे (लक्षात ठेवलेली लॉगिनं) चालू असेल तर तोही रिकामा करा. मगच रांग साफ करा. उलट क्रमाने केलंत तर तुम्ही काढताय आणि तो भरतोय.

आणि साफ करताना "डिलीट ऑल" अजिबात नको, तुमच्या ऑर्डरी त्यातच आहेत. आधी त्या पाठवणाऱ्याच्या मेल "पोस्टसुपर" ने होल्डमध्ये टाका, नजर फिरवा, मग उडवा. एक सावधगिरी: लहान लिपीतला एच मेल थांबवतो, कॅपिटल एच सोडतो. घाईत बोट चुकलं तर सगळं स्पॅम मोकाट सुटेल.

अक्का साताऱ्याच्या (१२:४४)

मला यातलं ओ की ठो कळत नाही, तरी सगळं वाचतेय. आमच्या सोसायटीची मी सचिव. सर्वसाधारण सभेची नोटीस मी सगळ्या सभासदांना एकाच मेलने सीसीत टाकून पाठवते, आणि निम्मे लोक म्हणतात मिळाली नाही. हे पण असंच रांगेचं काही असतं का हो?

तिरपागडा (१२:४६)

अक्का, तुमच्याकडे रांग वगैरे काही नाही. सभासद खोटं बोलतात.

मांडवीकाठी (१२:५८)

तिरपागडा, गप रे.

अक्का, सीसी नको, बीसीसी वापरा. सीसीत सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दिसतात आणि मग कोणीतरी रिप्लाय ऑल करून पार्किंगचं भांडण काढतो. फुकटच्या जीमेल खात्यावरून दिवसाला ५०० पत्त्यांची मर्यादा असते, तुमची सोसायटी त्याच्या आत असेल. निम्म्यांच्या स्पॅम फोल्डरात नोटीस पडली असणार. विषयाच्या ओळीत "अत्यंत महत्त्वाचे!!!" असं लिहीत असाल तर ते आधी काढा.

अक्का साताऱ्याच्या (१:०५)

तीन नाही, पाच उद्गारचिन्हं टाकते.

शॉपफ्लोअर (२:१०)

सापडलं!! खातं आहे "स्कॅन". स्टोअर्समधल्या झेरॉक्स मशीनमध्ये कागद स्कॅन करून मेल करायची सोय आहे, त्यासाठी मशीनवाल्यांच्या माणसाने बसवताना मागून घेतलेलं खातं. युजरनेम स्कॅन, पासवर्डही स्कॅन आणि पुढे १२३. लॉगिन चाललंय परदेशी आयपींवरून, रात्रंदिवस. स्टोअर्सच्या माणसाला विचारलं तर म्हणाला, ते स्कॅनिंग कोणी वापरतच नाही, आम्ही मोबाइलवर फोटो काढतो.

पासवर्ड बदलला, रिस्टार्ट केलं, रांग होल्डमध्ये टाकून निवडतोय.

पोस्टमनकाका (२:२५)

छान. आता दार नीट लावा. या खात्याला स्वतःचा सोडून भलताच "फ्रॉम" लावून मेल पाठवता येत होती, म्हणूनच अनोळखी डोमेन दिसले. "स्मटपीडी_सेंडर_लॉगिन_मॅप्स" भरा आणि "रिजेक्ट_सेंडर_लॉगिन_मिसमॅच" लावा. म्हणजे स्कॅनने लॉगिन केलं तर फक्त स्कॅन म्हणूनच मेल जाईल. ईआरपी किंवा दुसरं काही भलत्या नावाने पाठवत असेल तर तेही अडकेल, तेव्हा यादी आधी करा. आणि स्कॅनरसारख्या यंत्रांना बाहेरून लॉगिनची गरजच नाही. आतल्या नेटवर्कवरून, ठरलेल्या आयपीवरून आणि शक्यतो फक्त आतल्या पत्त्यांवर, एवढंच पुरतं.

मग तुमचा आयपी स्पॅमहाऊसच्या (स्पॅम पाठवणाऱ्या आयपींच्या याद्या ठेवणारी संस्था) संकेतस्थळावर तपासा. यादीत असेल तर कुठल्या यादीत ते बघा, प्रत्येकीचा बाहेर पडायचा रस्ता वेगळा. पण गळती थांबली आहे याची खात्री झाल्याशिवाय नाव काढायला सांगू नका, पुन्हा लागलं तर दुसऱ्या वेळी जड जातं.

मांडवीकाठी (२:५०)

यादीवरून आठवलं. पणजीत आमचं छोटं हॉटेल आहे. एकदा उलटं झालं होतं, बाहेरची सगळी मेल आमच्याकडे यायचीच बंद. बुकिंगवाले फोन करून विचारतात, तुम्ही आम्हाला ब्लॉक केलंत का? झालं होतं असं की सर्व्हरवर स्पॅमहाऊसची यादी बघायची सोय लावलेली, पण ती विचारणा ज्यातून जायची तो डीएनएस (नावावरून आयपी शोधून देणारी सेवा) होता फुकटचा सार्वजनिक. तिथून आलेल्या विचारणांना ते यादीचं उत्तर देतच नाहीत, १२७.२५५.२५५.२५४ असा सूचनेचा आकडा देतात. आमचा सर्व्हर मात्र "उत्तर आलं म्हणजे यादीत आहे" असं समजून सरसकट सगळ्यांना हाकलत होता. स्वतःचा छोटा रिझॉल्व्हर, म्हणजे डीएनएसला विचारणारा सर्व्हर, बसवला, उत्तर तपासून मगच नकार द्यायचा असं लिहिलं, तेव्हा कुठे मेल सुरू झाली.

जुना मोडेम (३:०२)

आणि मेलेल्या याद्याही काढून टाका. सॉर्ब्ज ही अशीच एक यादी जून २०२४ मध्ये बंद झाली, अजून कित्येक सर्व्हर तिला विचारत बसलेत. प्रत्येक मेलमागे एक निरर्थक विचारणा.

टेबलफॅन (३:१५)

हे सगळं वाचून माझं मत आणखी पक्कं होतंय. यादी, रिझॉल्व्हर, अमाविस, डव्हकॉट... कारखाना पार्ट बनवायला आहे की मेल?

ऱ्हाइनकाठ (३:४०)

टेबलफॅन, मुद्दा रास्त, पण अर्धाच. मी इकडे जर्मनीत हेच काम करतो, दोन्ही प्रकारची गिऱ्हाइकं आहेत. क्लाऊडवर गेलात तरी स्कॅन१२३ पासवर्ड तुमच्याबरोबरच येतो. तिथे रांग भरायच्या आधी खातंच बंद होतं. गूगलच्या व्यावसायिक खात्याला दिवसाला २००० मेल, मायक्रोसॉफ्टकडे दिवसाला १०,००० पत्ते आणि मिनिटाला ३० मेल. यांची ईआरपी महिनाअखेरीला ज्या धडाक्याने मेल टाकते त्यात मिनिटाची मर्यादा पहिल्यांदा अडेल. रांग असते, फक्त ती तुम्हाला दिसत नाही.

आणि मोठ्यांचंही तुंबतं. १ जानेवारी २०२२ आठवतोय का? जगभरच्या कंपन्यांनी स्वतःकडे चालवलेल्या मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज २०१६ आणि २०१९ या मेल सर्व्हरांवर मेल रांगेत उभ्या राहिल्या. कारण व्हायरस तपासणाऱ्या भागाच्या आवृत्तीचा क्रमांक तारखेवरून बनायचा, २२०१०१०००१, आणि तो ठेवायचा होता ३२ बिटच्या चिन्हांकित पूर्णांकात. त्यात जास्तीत जास्त २१४७४८३६४७ मावतो. इंजिन लोडच होईना, आणि तपासणी नाही म्हणजे मेल पुढे नाही. मायक्रोसॉफ्टने दिलेल्या उपायात नवा क्रमांक होता २११२३३०००१, म्हणजे ३३ डिसेंबर २०२१!

सांगायचं कारण, शॉपफ्लोअर, तुमच्या त्या ऑर्डरची लॉगमधली ओळ अजून आलेली नाही. स्पॅमचं खातं सापडलं म्हणजे ऑर्डरीही त्याच्यामुळेच अडकल्या असं अजून ठरलेलं नाही. तुमचे सप्लायर नकार देणाऱ्यांत फार नव्हते असं तुम्हीच लिहिलंय.

तिरपागडा (३:४४)

३३ डिसेंबर!! हहपुवा. आमच्या कॉन्ट्रॅक्टरची डेडलाइन पण तीच असते.

शॉपफ्लोअर (मंगळवार, सकाळी ११:०५)

ऱ्हाइनकाठ बरोबर आहेत.

काल संध्याकाळपर्यंत कचरा काढला, रांग तीनशेवर आली. मोठ्या मेलसेवांनी रात्रीतून पुन्हा घ्यायला सुरुवात केली. पण आज सकाळी परचेसच्या बाई पुन्हा केबिनमध्ये. ऑर्डर आज सकाळचीच, अजून अडकलेली. ओळ अशी आहे (पत्ता काढलाय):

रिले=१२७.०.०.१:१००२४, डिले=९१७४, डिलेज=९१०८/२/०/६४, डीएसएन=४.५.०, स्टेटस=डिफर्ड, ४५१ ४.५.० एरर इन प्रोसेसिंग, व्हायरस_स्कॅन फेल्ड: ऑल व्हायरस स्कॅनर्स फेल्ड

पोस्टमनकाका (११:१५)

हीच ओळ काल हवी होती. रिले बघा, १२७.०.०.१. म्हणजे मेल इमारतीबाहेर पडलेलीच नाही. "नंतर या" म्हणणारा तुमचाच अमाविस आहे.

आता ते चार आकडे वाचायला शिका, आयुष्यभर उपयोगी पडतील. पहिला: क्यू मॅनेजरच्या हाती यायच्या आधी गेलेला वेळ, त्यात डिफर्डमध्ये पडून राहिलेला वेळही येतो. दुसरा: क्यू मॅनेजरमध्ये. तिसरा: समोरच्याशी जोडणी होईपर्यंत, डीएनएस धरून. चौथा: प्रत्यक्ष देवाणघेवाण. तिसरा मोठा असता तर डीएनएस किंवा नेटवर्क बघा म्हणालो असतो. तुमच्याकडे जोडणी शून्यात झाली आणि चौथ्यात ६४ सेकंद गेले. अमाविसने मेल घेतली, मिनिटभर झगडला आणि परत केली. असं वारंवार होऊन पहिला आकडा अडीच तासांवर गेलाय.

क्लॅमडी (क्लॅमएव्हीचा कायम चालू राहणारा प्रोग्राम) जिवंत आहे का? "डीमेसेज" मध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, "आउट ऑफ मेमरी" शोधा.

शॉपफ्लोअर (११:३८)

"आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस, क्लॅमडी". दिवसातून एक-दोनदा, गेल्या आठवड्यापासून. सर्व्हरला ४ जीबी रॅम आहे. त्यात गेल्याच आठवड्यात ईआरपीवाल्यांनी त्यांचा रिपोर्टचा प्रोग्राम याच यंत्रावर आणून बसवला, "रिकामंच तर आहे" म्हणून.

ऱ्हाइनकाठ (१२:०२)

मग चित्र पूर्ण झालं. क्लॅमएव्हीचा व्हायरस ओळखायच्या खुणांचा (सिग्नेचरचा) पूर्ण संच मेमरीत असतो, तोच एक जीबीच्या वर जातो. आवृत्ती ०.१०३ पासून नवा संच लोड करताना जुना संच चालू ठेवायची सोय आली, म्हणजे तपासणी थांबत नाही. पण तेवढा वेळ दोन्ही संच मेमरीत, म्हणजे दुप्पट. त्याच वेळी ईआरपीचा रिपोर्ट चालू असला की कर्नल सर्वात जाड प्रोसेसला मारतो. तो क्लॅमडी.

पुढची गंमत बघा. क्लॅमडी गेला की अमाविस राखीव स्कॅनर चालवतो, क्लॅमस्कॅन. तो प्रत्येक मेलमागे तो अख्खा संच पहिल्यापासून लोड करतो. तुमचे ६४ सेकंद तिथे गेले. मेमरी आधीच नाही, तोही मरतो, आणि मग "ऑल व्हायरस स्कॅनर्स फेल्ड".

उपाय: रॅम वाढवा, हा खरा. तोपर्यंत क्लॅमडीच्या सेटिंगमध्ये "कॉनकरंट डेटाबेस रीलोड" ला "नो" करा. संच बदलताना तपासणी थोडा वेळ थांबेल, पण मेमरी दुप्पट लागणार नाही. सिस्टमडीला (लिनक्सवरच्या सेवा चालू-बंद करणाऱ्याला) सांगा, क्लॅमडी पडला तर पुन्हा उठव. आणि ते रिपोर्ट दुसरीकडे हलवा.

टेबलफॅन (१२:१०)

किंवा तपासणीच बंद करा दोन दिवस. मेल तर जातील.

पोस्टमनकाका (१२:१६)

नको. काल ज्यांच्याकडून स्पॅम गेलंय त्यांनी आज तपासणी काढायची? फार तर बाहेर जाणाऱ्या ऑर्डरींपुरता, फक्त ईआरपीच्या आयपीसाठी, अमाविस वगळून रस्ता द्या. सरसकट नाही.

शॉपफ्लोअर (४:२०)

रीलोडचं सेटिंग बदललं, रिपोर्टवाल्यांचा प्रोग्राम साहेबांना मध्ये घालून हलवला (हे सगळ्यात अवघड काम होतं). अडकलेल्या ऑर्डरी "पोस्टसुपर -आर" ने पुन्हा रांगेत घातल्या. सगळ्या गेल्या. परचेसच्या बाईंनी चहा पाठवलाय.

आता प्रश्न पुढचे. मेल अडकली की पाठवणाऱ्याला कळायला हवं. "डिले_वॉर्निंग_टाइम" चार तासांवर ठेवू का? आणि पाच दिवस वाट बघण्याऐवजी एका दिवसात बाउन्स केलं तर?

टेबलफॅन (४:३१)

वॉर्निंग लावू नका. लोक "मेल डिलेड" वाचतात आणि मेल गेली नाही असं समजून तीच पुन्हा पाठवतात, मग व्हॉट्सॲपवर पाठवतात, मग फोन करतात. सप्लायरकडे एकच ऑर्डर दोनदा आणि माल दुप्पट.

जुना मोडेम (४:४०)

आणि न लावल्यास? ऑर्डर गेली समजून बाई घरी, आणि पाच दिवसांनी बाउन्स. तेव्हा लाइन थांबलेली. लावाच. मजकूर बदलता येतो, बाउन्स टेम्प्लेटमध्ये स्पष्ट लिहा: ही फक्त सूचना आहे, सर्व्हर अजून प्रयत्न करतोय, पुन्हा पाठवू नका.

टेबलफॅन (४:४२)

लोक वाचतात असं धरून चाललात.

पोस्टमनकाका (५:०५)

सूचना लावा, चार तास ठीक. पण मुदत एका दिवसावर आणू नका. तुम्ही भोसरीत आहात. गुरुवारी एमआयडीसीची सुट्टी, विजेची दुरुस्तीही त्याच दिवशी, आणि ज्या छोट्या सप्लायरांचे सर्व्हर त्यांच्या शेडमध्येच आहेत ते बंद. बुधवारी संध्याकाळची ऑर्डर एका दिवसात बाउन्स झाली तर शुक्रवारी सकाळी भांडणं. दिवाळीत तर सलग चार-चार दिवस शटडाऊन. पाच दिवस आहेत ते राहू द्या. बाउन्सची मुदत वेगळी असते, "बाउन्स_क्यू_लाइफटाइम", ती हवी तर एका दिवसावर आणा. खोट्या पत्त्यांचे बाउन्स पाच दिवस सांभाळण्यात अर्थ नाही.

शॉपफ्लोअर (५:२०)

अरे हो, गुरुवारचं डोक्यातच आलं नव्हतं. दर गुरुवारी चाकण-भोसरीच्या ठरावीक डोमेनवर "कनेक्शन टाइम्ड आउट" दिसायचं, मी आमच्या नेटवाल्यांशी भांडत होतो.

मांडवीकाठी (५:३२)

एक राहिलं. रिव्हर्स डीएनएस तपासलंत का? आयपीवरून नाव आणि त्या नावावरून तोच आयपी, दोन्ही जुळायला हवेत. ते तुमच्या डोमेनवाल्याकडे नसतं, ज्यांनी स्थिर आयपी दिलाय त्यांच्याकडून करून घ्यावं लागतं, आणि ते लवकर करत नाहीत. शिवाय एसपीएफ, डीकिम, डीमार्क, म्हणजे मेल खरंच तुमच्याच डोमेनची आहे हे पटवायच्या तीन सोयी. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला दिवसाला पाच हजारांच्या आसपास मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही लागतात. तुम्ही तेवढे नाही, पण स्कॅनसाहेबांमुळे त्या आठवड्यात बहुतेक होतात.

शॉपफ्लोअर (५:५०)

रिव्हर्स जुळतंय. डीकिम नाहीये, उद्या लावतो.

काका, ईआरपीसाठी वेगळा रस्ता म्हणालात, तो कसा करू? महिनाअखेरीला पगारपत्रकं आणि ऑर्डरी एकाच वेळी निघतात, ऑर्डरी पुढे जायला हव्यात.

पोस्टमनकाका (६:३०)

"मास्टर.सीएफ" या पोस्टफिक्सच्या सेटिंग फाइलमध्ये वेगळ्या पोर्टवर आणखी एक स्मटपीडी (मेल आत घेणारा भाग) उघडा, फक्त ईआरपीच्या आयपीसाठी. तिथे कंटेंट फिल्टर रिकामा ठेवा, म्हणजे मेल अमाविसकडे जाणार नाही. ऑर्डरी त्या पोर्टवर टाकायला सांगा, पगारपत्रकं नेहमीच्या रस्त्याने. ईआरपीवाले दोन पोर्ट देता येत नाहीत म्हणाले तर पगारपत्रकं रात्री अकरानंतर टाकायला लावा, ते त्यांना जमतं.

अमाविसच्या कामगार-प्रोसेसची संख्या आणि पोस्टफिक्समधून अमाविसकडे मेल नेणाऱ्या ट्रान्स्पोर्टची प्रोसेस मर्यादा एकच आहे का तेही बघा. पोस्टफिक्सने शंभर जोडण्या उघडायच्या आणि अमाविसमध्ये दोनच कामगार, असं असेल तर ॲक्टिव्ह रांग पुन्हा भरेल. आणि रॅम आल्याशिवाय कामगार वाढवू नका.

अक्का साताऱ्याच्या (७:१०)

बीसीसी केलं, उद्गारचिन्हं काढली. आज सगळ्यांना मिळाली म्हणे. आता सभेला किती येतात बघू.

तिरपागडा (७:१२)

अक्का, ४५१. नंतर या म्हणतील.

शॉपफ्लोअर (बुधवार, सकाळी १०:१५)

रांग सकाळी २२. डीकिम लागलं. क्लॅमडी रात्रभर पडला नाही. रॅमचं कोटेशन मागवलंय, १६ जीबी. क्लाऊडचा विषय साहेबांनी जूनवर ढकललाय, तेव्हा वेगळा धागा काढेन, टेबलफॅन तयार राहा.

झेरॉक्सवाल्यांना विचारलं, आणखी कुठे कुठे हेच खातं आणि हाच पासवर्ड दिलाय? म्हणाले, सगळीकडे तोच देतो साहेब, लक्षात ठेवायला सोपा. भोसरी-चाकणमध्ये ज्यांच्याकडे भाड्याचं स्कॅनर मशीन आहे त्यांनी आपापलं स्कॅनचं खातं आजच बघून घ्या.

जुना मोडेम (१०:२२)

बघितलं. आमच्याकडे "झेरॉक्स" आणि "झेरॉक्स१२३" आहे. बदलतोय.